आईसमोरचं बटण

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण तीन रविवार गाडीखाली पाठीवर काढल्यामुळे सध्या वाकलो की सरळ होता येत नाही. तेव्हा हा खुर्चीतूनच स्वीकारावा. तुमचा रक्तदाब ताळ्यावर असेलच (माझ्याबद्दल न विचारलेलं बरं).

पत्रास कारण, तुम्ही पाठवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बाबांचा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणतो आणि बाबा गाडी सोडायला नाही म्हणतात, म्हणून हा घाट घातला. तुम्ही फोनवर म्हणालात, 'गाडीत गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही, दोन बटणं लाव, झालं.' माझ्यासारख्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. पहिलं बटण ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या चौथ्या गिअरचं. ते स्टिअरिंगजवळ बसलं आणि बाबा ते मोठ्या झोकात दाबतात. दुसरं लॉकअपचं. ते दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरतात, पेट्रोल वाचतं. फक्त थांबण्याआधी ते सोडवावं लागतं, नाहीतर इंजिन बंद. (लॉकअप वापरूच नका म्हटलं, तर लिटरमागे एक किलोमीटर सोडायला बाबा तयार नाहीत. तुम्ही ओळखताच त्यांना.) या दुसऱ्या बटणाची वायर हातभर कमी पडली आणि माझा जीव तोवर मेटाकुटीला आला होता, म्हणून ते शेजारच्या सीटसमोर लावलं. बाबांचा हात तिथे पोचत नाही. तिथे तुमची ताई बसते.

चाळीस वर्षं बाबा गाडीत आईला एकच वाक्य ऐकवत आले आहेत, 'मधे बोलू नकोस.' मंगळवारी ती रस्ता चुकल्याचं सांगत होती, तेव्हाही त्यांनी तेच ऐकवलं. आईने हाताची घडी घातली. पुढच्या चौकात गाडीने तीन आचके दिले आणि भर रस्त्यात मान टाकली.

'अगं, बटण!' बाबा ओरडले.

'मधे बोलू नको म्हणालात ना,' आई म्हणाली.

मी बाबांच्या हुकमावरून मागच्या सीटवर हत्यारं मांडीवर घेऊन बसलेला असतो, त्यामुळे ढकलायला मीच उतरलो. (नुसती किल्ली फिरवली असती तरी गाडी सुरू झाली असती, हे शंभर पावलं ढकलल्यावर सुचलं.) असं आता रोज चालतं, मामा. मी थकलो. ब्रेकवर पाय पडताच लॉकअप आपोआप सोडवणारा स्विच असतो म्हणे. येत्या रविवारी तो घेऊन या आणि बसवून द्या, म्हणजे बाबा आपले आपण फिरतील आणि मी सुटेन.

तुमचा शिणलेला भाचा

ता. क. हे पत्र आईने वाचलं (आमच्या घरात पाकीट बंद होईपर्यंत पत्र सगळ्यांचं असतं). म्हणाली, 'तो स्विच बसला की हे पुन्हा एकटेच जातील. या एका आठवड्यात मी दोनदा नदी पाहिली रे.' आणि पर्स घेऊन गाडीत जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं.

पुन्हा ता. क. रविवारी याच, पण स्विच आणू नका. बाबांनी विचारलं तर या गिअरबॉक्सला तो मिळतच नाही, असं छातीठोकपणे सांगा. माझ्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत. तुमच्या ताईसाठी एवढं खोटं बोलाच.