झोप झालेला डोळा

प्रिय ठमे,

काल डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. ऑपरेशनला तू सरळ नाही म्हणालीस म्हणे. महिनाभरात उजवा डोळा काढला नाही तर गाठ पसरेल, हे त्यांनी मला पुन्हा समजावलं. मी हं हं करत भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडीही निवडून संपवली. रडू येत नाही गं. आत काही हलतच नाही. तुझी आत्या म्हणते, मोठ्या धीराची बाई आहेस. कसला डोंबलाचा धीर! नुसता दगड झालाय.

माझ्या पहिल्या नोकरीबद्दल तू विचारायचीस तेव्हा मी ‘रंगकाम’ म्हणून वेळ मारून न्यायचे. तुला वाटायचं, भिंतींचं. खरं म्हणजे लग्नाआधी अडीच वर्षं मी नकली डोळे रंगवत होते. मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांच्या दुकानाला एक मोठी खिडकी होती. गिऱ्हाइकाला तिथे बसवायचं, समोर स्टूल ओढायचं आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत रंग कालवायचे. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा सुईने पिंजून एकेक तंतू चिकटवायचा. जरा जोरात श्वास सोडला की तंतू उडालाच, मग बस शोधत टेबलाखाली.

पहिला डोळा मी एकटीने केला तो एका बसकंडक्टरचा. पांढराशुभ्र, शीर म्हणून नाही. माझं मलाच कौतुक! चार दिवसांनी स्वारी परत हजर. म्हणाले, पोरी, हा डोळा आठ तास झोपून उठलाय आणि दुसरा अजून ड्यूटीवरच आहे. मास्तर पोट धरून हसले. मग म्हणाले, तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस, मनातलाच डोळा रंगवलास. खरंच होतं ते. रिकामी खोबण दिसली की माझी नजर आपोआप खाली जायची. मास्तरांनी ब्रश काढून घेतला आणि पंधरा दिवस मला गिऱ्हाइकांसमोर नुसतं बसवलं. एका शाळेतल्या बाईंनी तर माझ्याकडून पाढा म्हणवून घेतला, तोही एकोणतीसचा! पाचव्या-सहाव्या दिवसापासून मला खोबण दिसेनाशी झाली. समोर माणूस बसलेला असायचा.

हे आत्ताच का सांगतेय? रिपोर्ट आला त्या दिवशी तू विचारलंस, आई, मी कशी दिसेन गं? आणि मी गॅस बंद केलाय का ते बघायला उठले. गॅस पेटवलेलाच नव्हता. त्यानंतर तीन आठवडे तू घरी होतीस आणि मी तुझ्या वेणीशी बोलले, ताटाशी बोलले, चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. तू निघालीस तेव्हाही मी तुझ्या बॅगेची चेन लावत बसले होते. आईलाच बघवत नाही तर दुसऱ्या कुणाला काय बघवणार, असंच वाटलं ना तुला? चुकले मी. घाबरले होते, बाकी काही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. ऑपरेशन कर म्हणून हातापाया पडणारच आहे, पण ते नंतर. आधी तुझ्यासमोर बसणार आहे. तू बोल, भांड, नाहीतर गप्प राहा. मी खाली बघितलं तर आल्या पावली परत पाठव.

तुझीच,
आई