शीतशिलांच्या वळणाने

ज्याशिंग, सहावा महिना

प्रिय बाबा,

आईने पाठवलेली खारवलेली बदकाची अंडी पोचली. वाटेत दोन फुटली, बाकीची सासूबाईंनी कुणाला न विचारता स्वतःच्या कपाटात ठेवली. म्हणजे आवडली. माझी तब्येत बरी आहे. इथे उकाडा फार, पण दमट हवा सरली आणि परवा मामंजींनी चित्रांना ऊन-वारा द्यायला काढलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, सासऱ्यांचा हा संग्रह पाहायला लोक लांबून येतात आणि निम्मे जण दारातूनच परत जातात. सुनांना तर तिथे पाऊल टाकायची सोय नाही. पण चित्रांच्या गुंडाळ्या सोडायला हलका हात हवा होता, सासूबाईंनी माझं नाव सुचवलं. तिसऱ्या पेटीत जुन्या चित्रकारांतले थोर शीतशिला, त्यांच्या हातचं चित्र होतं. अस्सल. तुमच्या गुरुजींनी तरुणपणी एकदा पाहिलं आणि घरी येऊन ज्याची नक्कल आठवणीतून काढली, तेच.

त्या आठवणीतल्या चित्रावर आपलं सगळं घर वाढलं. तुम्ही रोज ते भिंतीवर लावायचात, शाई उगाळायचात आणि तोच डोंगर पुन्हा काढायला बसायचात. मीही तिथेच गिरवायला शिकले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिहायचात, ‘शीतशिलांच्या वळणाने’. पंधरा वर्षांची असताना मी फणकाऱ्याने विचारलं होतं, तुमचा स्वतःचा डोंगर कधी काढणार? तुम्ही कुंचला धूत म्हणालात, “त्यांचा काढून झाला की.” मी हसले होते. त्या हसण्याची आता लाज वाटते.

परवा गुंडाळी उलगडताना मला वाटलं, आता माहेर दिसणार. तसं काही झालं नाही. बाबा, तो डोंगर आपला नाहीच. तो रुक्ष आहे, उभा कापल्यासारखा. मोजक्या कोरड्या रेघा, तीन झाडं, माणूस नाही, वाट नाही. मंगोलांच्या अमदानीत सगळं सोडून गेलेल्या माणसाने जे पाहिलं असेल ते. तुमच्या डोंगरावर धुकं असतं, कुणाच्या तरी चुलीचा धूर असतो, पायवाट दारापर्यंत जाते. मी गोंधळले. मग पाण्याच्या काठाशी शीतशिलांनी कोरी सोडलेली जागा दिसली. तिथे हात थांबला आहे, जिथे तुमचा थांबतो. नेमका तिथेच.

मी पुढे सरकेना, हे मामंजींच्या लक्षात आलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी खोलीत गेले आणि लग्नात तुम्ही दिलेलं छोटं चित्र घेऊन आले. त्यांनी ते मूळ चित्राशेजारी ठेवलं. चहा निवला तरी मान वर केली नाही. दोन पाहुणे होते, तेही वाकून पाहू लागले. शेवटी मामंजी म्हणाले, “हे त्यांच्यासारखं नाही.” मी तुमचं चित्र उचलून घ्यायला वाकले. मग सावकाश म्हणाले, “या चित्राच्या पुष्कळ नकला मी पाहिल्या. सगळ्यांत रेघ हुबेहूब आणि जीव नाही. इथे एकही रेघ तशी नाही, पण हा माणूस त्यांच्या घरी राहून आला आहे. कोणाचं वळण हे?”

“माझ्या बाबांचं,” मी म्हणाले. परक्या पुरुषांसमोर, मोठ्याने. कुणी रागावलं नाही. मामंजींनी तुमचं चित्र दिवसभर आपल्या मेजावर ठेवून घेतलं.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते लिहिते. दादाचं पत्र मला महिन्यापूर्वीच आलं. वसंतातल्या चित्रकारांच्या मैफलीत कुणी मूळ चित्र पाहून आलेला माणूस चारचौघांत म्हणाला, की तुमच्या चित्रांत शीतशिलांचं एक झाडसुद्धा नाही, जन्म फुकट गेला. त्या दिवसापासून तुम्ही शाई उगाळलेली नाही आणि कुंचले दादाला देऊन टाकलेत. त्याने मला कळवलं हे तुम्हाला कळू नये, असं दादाने बजावलं होतं, पण मला राहवत नाही. तो माणूस खोटं बोलला नाही, बाबा. मी स्वतः पाहिलं. त्याला फक्त ती चूक वाटली. गुंडाळीच्या शेवटी, जिथे पाहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चार ओळी लिहिल्यात, तिथे दोन वीत कागद कोरा आहे. तिथे तुमच्या हातच्या ओळी हव्यात, असं मामंजींनी स्वतः सांगितलं आहे. अठराव्या तारखेला त्यांची होडी आपल्या घाटाला लागेल आणि तुम्ही बसेपर्यंत हलणार नाही. होडीवाला ठार बहिरा आहे, तेव्हा त्याला ‘नको’ म्हणून काही उपयोग होणार नाही.

तुमचीच,
जिंगयाओ