शक्यतो धोतर

नवीन पनवेल,
१२ मे १९९४

तीर्थरूप दादांस कमलाकरचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्यावा).

पेणला सगळे बरे असाल. आपला दमा आणि वहिनींचे गुडघे यांची मनापासून चौकशी करतो. आपली धाकटी बहीण अरुंधती आठवडाभर आपल्याकडेच आहे, त्यामुळे तिची खुशाली मी आपल्याला कळवावी की आपण मला, हा प्रश्नच आहे. बिल्डिंगमध्ये मी ‘लोणच्याच्या कैऱ्या आणायला गेली आहे’ असं सांगितलं आहे. कैऱ्यांना आठवडा लागत नाही, हे बिल्डिंगलाही कळतं. तिने आपल्या कानावर तिची बाजू घातलीच असेल. आता माझीही ऐकून घ्यावी, म्हणजे चूक कोणाची ते आपल्याला कळेल.

या सगळ्याचं मूळ भूतानमध्ये आहे. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी निनाद गोरक्षकर तिथे विजेच्या एका प्रकल्पावर होते. परत आले ते डोक्यात वारं भरून. केवढासा तो देश, पण तिथे रस्ते होतात, वीज होते, आणि तरी माणसं कचेरीत आपल्याच पोशाखात जातात, नव्या इमारतीलाही जुन्या धर्तीच्या नक्षीदार खिडक्या बसवतात आणि टीव्हीला देशात थारा देत नाहीत. त्यांनी ते विचार करून ठरवलं असेल, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण गोरक्षकरांना वाटलं, भूतानला जमतं ते आपल्या बिल्डिंगला का जमू नये? (पाण्याच्या टाकीला झाकण बसवणं या बिल्डिंगला दिवाळीपासून जमलेलं नाही. संस्कृती मात्र टिकवायची.)

झालं, सभा भरली. बायका आत चहा करत होत्या तेवढ्यात ठराव झाला. बिल्डिंगमध्ये केबलची वायर येणार नाही. रविवारी आणि सणावारी आवारात बायकांनी नऊवारीच नेसावी आणि पुरुषांनी शक्यतो धोतर नेसावं. यातला ‘शक्यतो’ हा शब्द माझा. गोरक्षकर धोतराचीही सक्ती करायला निघाले होते, मी वेळीच तो शब्द घालून सगळ्या पुरुषांची लाज राखली. टाळ्या पडल्या. हात मीही वर केला. एका बिऱ्हाडाला एकच मत, आणि आमच्या बिऱ्हाडाचं ते मीच देतो.

अरुंधतीने नुकताच जन्मातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, हिरवा. रविवारी सकाळी तो घालून ती फिरायला जायची आणि मला मागे टाकून झपझप पुढे निघायची. ठराव ऐकल्यावर तिने तो धुऊन दोरीवर टाकला. मला वाटलं, पटलं असावं.

पुढे गोरक्षकरांनी हद्दच केली. त्यांच्या ओळखीचे एक भूतानी अधिकारी कामासाठी मुंबईत आले होते, त्यांना आमची संस्कृती बघायला बोलावलं. स्थानिक परंपरेचा नमुना म्हणून महादेव म्हात्र्यांनाही सांगितलं. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. हल्ली ते केबलचा धंदा करतात. ते जीन पँट आणि जाड साखळी घालून आले. पारंपरिक पोशाखाचं विचारलं तर म्हणाले, “तुमाला हौस हाय तर तुमी नेसा की. आमी कशाला नेसू?” बघा, ज्यांची परंपरा त्यांनाच किंमत नाही.

पाहुणे आले ते गुडघ्यापर्यंत झगा, त्याखाली लांब मोजे अशा आपल्या पोशाखात. मे महिन्यातल्या पनवेलात. घाम निथळत होता, पण हूं की चूं नाही. समोर नऊवारीतल्या बायका रांगेत उभ्या, आणि आम्ही पुरुष पँट-शर्टात. गोरक्षकर स्वतः सफारीत होते. पाहुण्यांनी हिंदीत विचारलं, पुरुषांचा पोशाख कोणता? गोरक्षकर त्यांना ‘शक्यतो’ समजावायला लागले. हिंदीत झालं, इंग्रजीत झालं. शेवटी पाहुणे नम्रपणे म्हणाले की आमच्या नियमात असा शब्द नाही.

मग त्यांनी संकोचत त्यांची एक इच्छा सांगितली. टीव्हीवर त्या दांडग्या परदेशी पैलवानांच्या कुस्त्या लागतात म्हणे, त्या जरा बघायला मिळतील का? गोरक्षकरांचा चेहरा पडला. तरीही इथे केबल नाही, असं ते अभिमानाने सांगणार, तेवढ्यात महादेवराव म्हणाले, “कमलाकरशेटकडं हाय ना. मीच वायर टाकलीय, संडासाच्या खिडकीतून. कोनाला दिसाची नाय.”

दादा, ठरावात बिल्डिंगमध्ये वायर येणार नाही असं होतं, घरात येऊ नये असं कुठे होतं? पण हे बोलायला मला सवड मिळाली नाही. सगळी बिल्डिंग माझ्या हॉलमध्ये. पाहुणे मांडी घालून कुस्त्यांत रंगलेले, गोरक्षकर त्यांच्या शेजारी डोळे फाडून. अरुंधतीने नऊवारीतच सगळ्यांना कोकम सरबत दिलं, ट्रे खाली ठेवला आणि टीव्हीच्या समोर उभी राहून एवढंच म्हणाली, “संस्कृती माझ्या कमरेला आणि केबल तुमच्या संडासात. छान वाटणी केलीत.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेणची एसटी पकडली, तीही नऊवारीतच, म्हणजे मला ठरावावर बोट ठेवायलाही जागा नाही.

आता आपणच सांगा, यात माझं काय चुकलं? मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
कमलाकर

ता. क. टीव्हीचा रिमोट सापडत नाही, तो तिच्या पिशवीत गेला असावा. सगळी बिल्डिंग रोज संध्याकाळी इथे येऊन एकच चॅनेल बघते. कोणाबरोबर तरी पाठवता आला तर बरं.

ता. क. दुसरा. हिरवा ड्रेस दोरीवरच राहिला होता, तो मी इस्त्री करून ठेवला आहे. डावी बाही जरा करपली. (आमच्या घराण्यात पुरुषांनी इस्त्री करायची परंपरा नाही.) काल सभेत ठराव रद्द करायला मी हात वर केला. एकटाच होतो. घर फार मोठं वाटतं.

ता. क. तिसरा. रिमोट राहू द्या. अरुंधतीला पाठवा. वरच्या ओळीत ‘पाठवा’च्या आधी शाईची रेघ दिसेल. तिथे ‘शक्यतो’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे.