उइबानच्या हातची लादी

२ ऑक्टोबर
तळघरात बर्फाच्या दोनच लाद्या उरल्यात. बाकीच्या उन्हाळाभर चहात गेल्या. या दोन मी वितळवणार नाही — ठरलं!

माझ्या नवऱ्याने, उइबानने, त्या गेल्या नोव्हेंबरात तळ्यावर कापल्या. जूनमध्ये तो गेला. बंदूक जावयाने नेली, लांडग्याच्या कातड्याची टोपी त्याच्या भावाने मागून घेतली. माझ्या वाट्याला बर्फ आला. हे कुणाला सांगितलं तर म्हातारी बहकली म्हणतील. म्हणून इथे लिहिते.

५ ऑक्टोबर
तळं गोठलं, पण जेमतेम चार बोटं. भोक पाडून बादली भरते आणि घसरगाडीवर ओढत आणते. घर येईपर्यंत पाण्यावर साय धरलेली असते.

वाटेत बाहिलाय भेटला. शेजारी, शिवाय उइबानचा चाळीस वर्षांचा दोस्त. तळघरात बर्फ असताना ही कसली हौस, म्हणाला. मी सांगितलं, तो उइबानच्या हातचा आहे, त्याला हात लावायचा नाही. तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "बर्फ तो बर्फ, वहिनी. उकळा आणि पिऊन टाका."

इतक्या वर्षांची दोस्ती आणि तोंडातून निघालं काय, तर हे! फार लागलं मनाला.

९ ऑक्टोबर
आज कुणाशी एक शब्द बोलले नाही. मांजरही हल्ली बाहिलायकडे जेवते.

१३ ऑक्टोबर
तुयाराचा फोन. लेकीचं तेच पालुपद — आई, याकूत्स्कला ये, इथे नळाला गरम पाणी येतं. नळाला पाणी येतं हे मला ठाऊक आहे! तिच्या धाकटीच्या खोलीत माझी खाट टाकणार म्हणे. धाकटीला विचारलंय का कुणी?

नोव्हेंबर लागला की गाव वर्षाच्या पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावर बर्फ कापायला उतरेल. त्याआधी सांगायला हवं, माझ्यासाठी कापायचा की नाही. कापला म्हणजे सात महिने या घरात मी आणि भिंती. नाही कापला तर शहर. आणि मी शहरात गेले तर तळघराकडे कोण बघणार? तुयाराला हे बोलले नाही. विचार करते म्हटलं.

१८ ऑक्टोबर
तळघराच्या भिंतीला पाझर फुटलाय! उन्हाळ्याची ऊब जमिनीत झिरपत झिरपत आता कुठे खाली पोचली. माझ्या सासूच्या काळात ही माती दगडासारखी गोठलेली असायची, बारा महिने. आता बोट लावलं तर चिखल येतो. एक लादी डबक्यात बसली होती, खालून अर्धी खाल्लेली. दुसरीखाली फळ्या सरकवल्या, वरून गवत आणि घोड्याचं कातडं.

एकतीस वर्षं शाळेत हेच शिकवलं. बर्फ, पाणी, वाफ. भांड्यात बर्फ ठेवायचा, खाली आच, आत तापमापक. ढवळत राहायचं आणि बघत राहायचं. शेवटचा खडा विरघळेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. मुलांना पटायचं नाही. बाई, मग एवढी आच जाते कुठे? बर्फ मोडण्यात जाते, मी सांगायचे. दिसत नाही इतकंच.

जूनपासून लोक येतात, बसतात, मासे आणून देतात, चार गोड शब्द बोलतात. माझा पारा काही हलत नाही.

२४ ऑक्टोबर
डबक्यातली लादी गेली. उचलताना तिचे दोन तुकडे झाले आणि चिखलात पडले. पायरीवर बसून रडले. उइबानसाठीसुद्धा इतकी रडले नव्हते. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, रडायला जागा कुठे होती?

एक उरली. ती अंगणात आणून ठेवावी का? उणे अठरा आहे बाहेर, वितळणार नाही. पण झिजेल. दोरीवरचे ओले कपडे फळीसारखे कडक होतात आणि पाण्याचा थेंब न पडता तसेच वाळतात. तशीच तीही जाईल, पाणी न होता, नुसती हवेत. कुठेही ठेवली तरी जाणारच. मीच शिकवलंय हे, आणि आज मलाच ते ऐकून घ्यायचं नाही.

३० ऑक्टोबर
बाहिलाय विचारायला आला, तुमच्यासाठी किती कापू. मी म्हटलं, उइबान असता तर विचारत बसला नसता, दरवर्षी बिनबोलता आणून रचायचा. गेल्या वर्षी तर दिवसभर तळ्यावर होता, रात्री आला तो इतका थकून की न जेवता झोपला. अशा माणसाच्या हातचा बर्फ तुम्ही मला पिऊन टाका म्हणता!

बाहिलाय अर्धा चहा टाकून उठला. गुन्हेगारासारखा चेहरा. मेल्याला थोडी तरी लाज वाटली म्हणायची.

३१ ऑक्टोबर
तुयाराला कळवलं, येत नाही. कारण विचारलं. तळघर, म्हटलं.

१ नोव्हेंबर
पडले. भिंतीतून पुन्हा पाणी आलं म्हणून लादी एकटीच ओढत होते. पाय मुरगळला, तिच्यावरच आडवी झाले. हाका मारून घसा बसला. तळघराचं दार उघडं दिसलं म्हणून बाहिलाय आत डोकावला, नाहीतर आज हे पान कोरं असतं. त्याने खांद्यावर घालून वर आणलं. वाटभर शिव्या देत होता. पाण्यासाठी जीव देता का, असं दोनदा विचारलं त्याने. पाणी नाही ते, मी म्हटलं.

२ नोव्हेंबर
पाय सुजलाय. बाहिलाय सकाळीच आला. टोपी न काढता दारातच उभा राहिला.

"वहिनी, ती लादी उइबानची नाही. गेल्या वर्षीचा सगळा बर्फ मी कापला. तो ट्रॅक्टरमध्ये बसून होता. दहा पावलं टाकली की धाप लागायची त्याला. 'तिला कळू देऊ नकोस,' म्हणाला. मी शब्द दिला होता."

नोव्हेंबर ते जून. रोज समोरासमोर बसून चहा प्यायलो आम्ही. मी बोलायचे, तो ऐकायचा, धापेबद्दल अक्षर काढायचा नाही.

या घरात खरा एकटा तो होता — मी समोर बसलेली असताना.