‘नाइस’पाशी थांबलेला शब्दकोश

मी, खाली सही करणारा, शब्दकोशकार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रं, परवाचं धरून, रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. मुलीने हरकत घेऊ नये. ती घेणार नाही, पण जावई सुचवतील, म्हणून लिहिलं.

२. लिहिण्याचं टेबल मुलीला. त्याचा एक पाय आखूड आहे. खालची पुठ्ठ्याची घडी काढू नये.

३. भिंग आणि जुने कोश धाकट्या भावाला देऊ नयेत. ‘डिक्शनरी मोबाइलमध्ये फुकट मिळते, दादा,’ असं तो चारचौघांत म्हणाला होता. ते वाचनालयाला द्यावेत.

४. माझा अपुरा इंग्रजी-मराठी शब्दकोश. हे कलम मी पुन्हा पुन्हा खोडतो आहे.

आमची पद्धत अशी: छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं पत्नी मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट. मी मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहतो. सवय इतकी मुरली आहे की इस्पितळाचा संमतीचा कागदही तिने तसाच वाचला: ‘जिवाला धोका संभवतो पूर्णविराम.’ डॉक्टर हसले. आम्ही हसलो नाही.

काम ‘नाइस’ या शब्दाशी अडलं आहे. मी त्याचा सगळा प्रवास दिला होता. ती वाचता वाचता थांबली.

“अहो, नाइस म्हणजे छान, चांगला, मनमिळाऊ. एवढंच द्या ना.”

“आणि तो आला कुठून?”

“ज्याला शब्द अडलाय त्याला अर्थ द्या. त्याला काय सोयरीक जुळवायचीय?”

“‘नाइस डिस्टिंक्शन’ वाचलं तर? ‘छान फरक’ म्हणेल तो. तिथे अर्थ ‘सूक्ष्म’ असा आहे.”

“मग सूक्ष्म घाला. पण सातशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ मूर्ख होता, हे कशाला?”

“कारण होता.”

“तुम्ही ना!” म्हणून तिने चष्मा काढला.

होताच. आधी मूर्ख, मग नखरेल, मग चोखंदळ, काटेकोर. नुसता छान तो गेल्या अडीचशे वर्षांतला. आता चहा नाइस, हवा नाइस, माणूसही नाइस. इतका गुळगुळीत झालेला शब्द पाहून मला स्वस्थ बसवत नाही.

परवाच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझ्यामागे पत्नीने मुलीला समोर बसवून झेडपर्यंत काम पुरं करावं. ते तिला वाचून दाखवलं.

“मी दुसऱ्या कोणासमोर वाचणार नाही.”

“आपली मुलगी दुसरी कोणी आहे का?”

“तुम्ही बोट ठेवता. ती नुसती मान डोलावेल.”

“मग कोश अर्धा राहील.”

“परत या आणि करा पुरा.”

“आणि नाही आलो तर? करशील ना?”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, “मला माहीत नाही.”

तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो आहे. मला हो किंवा नाही हवं होतं. मृत्युपत्रात तिसरं बसत नाही. सुचेना म्हणून नोंद पुन्हा काढून पाहिली. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले दोन तुकडे आहेत: ‘न’ आणि ‘जाणणं’. न जाणणारा. त्याचा मूर्ख पुढे लोकांनी केला. मुळात ती शिवी नव्हती. माहीत नसणं, इतकंच होतं.

५. म्हणून कोशाचे सर्व हक्क, हस्तलिखित आणि मुद्रितं पत्नीला, कोणत्याही अटीविना. तिने काम पुरं करावं, आहे तिथे सोडावं, ‘नाइस’ची नोंद एका ओळीवर आणावी किंवा सबंध गाळावी. प्रकाशकांनी तिच्यामागे तगादा लावू नये. मुलीने तिला ‘बाबांची इच्छा होती’ असं म्हणू नये. इच्छा होती. ती मी या कलमाने मागे घेत आहे.

सही: शब्दकोशकार

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे शिंपी. २. शेजारच्या दातांच्या डॉक्टर. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. पत्नी तेव्हा औषधं आणायला गेली होती.

स्थळ: राहतं घर, मधली खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.