दारावर उलटं डकवलेलं चित्र

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं, पण आज राग मावत नाहीये. मंडईतल्या लिंबूवाल्या मावशींचं चित्र घरमालक काकांनी माझ्या वहीतून फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर ‘बेल एकदाच वाजवावी’ लिहिलं आणि खळ लावून दारावर डकवलं! चित्रातले लिंबं निवडणारे ते हात आता दाराला चिकटलेत.

जाब विचारला तर म्हणाले, "अहो कलाकार, कमी वस्तूंत राहायचं म्हणता ना? एक कागद कमी केला!"

खाट, घड्याळ मी देऊन टाकलं, ते माझं होतं. चित्र मावशींना कबूल केलं होतं. ओल्या फडक्याने सोडवू? हात फाटले तर?

बेल वाजतेय. दोनदा. काका खेकसले, "पाटी वाचा!"

खिडकीतून वाकून पाहिलं. दारात मावशी उभ्या आहेत, चित्र न्यायला.