पाटावरच्या काकड्या

वर्धा, ९ मार्च २०२५

ती. प्रमोदिनीताईस, अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाई, सासूबाई जवळच बसून राह्यतात, म्हणून लिहून राह्यली. ह्यांचे जुलाब थांबले, अन् आठवड्याभरानं पायातला जोर गेला. मंग हातातला. आता श्वास नळीनं चालू हाय. डॉक्टर जीबीएस म्हणतात, नसांचा आजार. कच्च्या कोंबडीतल्या जंतूनं झालं असावं.

ताई, त्या बारशाच्या जेवणाची किळस जात नाई. काकासासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, नालीच्या काठी कोंबड्या कापल्या. तोच रक्ताचा पाट न धुता त्यावर काकड्या चिरल्या. मी बोलली तं शहाणी आली म्हणून हसले. काल दवाखान्यात येऊन म्हणे श्रावणचा कोठाच नाजूक, आमाले कुठं काय झालं? अन् खिडकीतून तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी!

जंतू पोटातला, मंग मार नसांले काऊन? समजेल असं लिहिजो. माया असू दे.

तुझी अपेक्षा

नागपूर, १४ मार्च

चि. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

त्या जंतूचं आवरण आपल्या नसांच्या आवरणासारखं दिसतं. शरीर जंतूला मारायला निघतं आणि ओळख चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. असं हजारात एखाद्यालाच होतं. काकांना झालं नाही, यात त्यांची काही थोरवी नाही! त्या माणसाचं नाव काढलं तरी मला शिसारी येते.

बहुतेक लोक चालू लागतात, पण महिने जातात. इंजेक्शनं पूर्ण होऊ दे. हा आजार शिवल्यानं होत नाही, हे सासूबाईंना सांग. पुढच्या शनिवारी पाटवडी घेऊन येते. नुसत्या चहावर जगू नकोस, बाई.

तुझ्याच काळजीत,
ताई

अल्लीपूर, १२ जुलै

ती. ताईंस, श्रावणचा नमस्कार. साष्टांग अजून जमत नाई, कागदावरच घ्या. अक्षर वाकडं हाय, पण माझंच हाय.

काल काकांकडे जावळाचं जेवण होतं. अपेक्षा नको म्हणत होती, तरी मी वॉकर घेऊन गेलतो. पाहतो तं पुन्हा तसंच: रक्ताच्या पाटावर काकड्या, वरतून माशा. बाजूले पोरांची पंगत बसून होती. वाढू नका म्हटलं, तं काका म्हणे आजारानं याचं डोकं फिरलं.

दोन्ही हात वॉकरवर होते. मंग म्या काकड्यांच्या परातीले लात घातली.

अन्नाले पाय लावला म्हणून मायनं माझ्या थोबाडीत मारली. अन् मंग तिनंच पोरांच्या पत्रावळ्या उचलल्या. काका बोलत नाईत. न बोलले तं बरं.

मी धाडकन पडलो, ताई. पण परात पार अंगणात गेलती.

असाच जीव लावत राहा.

आपला,
श्रावण